पन्नाशीचा चेहरा, विशीतला मेकअप

मेकअप बहुतेक बायका आयुष्यात एकदाच शिकतात. कॉलेजात मैत्रिणीकडून, नाहीतर मोठ्या बहिणीकडून, नाहीतर लग्न ठरल्यावर पार्लरमधल्या ताईंकडून. तेव्हा जी पद्धत हातात बसते ती पुढे पंचवीस-तीस वर्षं तशीच चालते. तोंड धुवायचं, थोडं क्रीम, वरून कॉम्पॅक्ट, डोळ्यांत काजळ, लिपस्टिक, टिकली, की निघालो. पंचेचाळिशीच्या आसपास मात्र हीच सवयीची पद्धत दगा द्यायला लागते. फाउंडेशन तासाभरात डोळ्यांखालच्या रेघांत जाऊन बसतं, पावडर गालांवर पांढुरकी उठून दिसते, काजळ दुपारपर्यंत खाली उतरतं, लिपस्टिक ओठांच्या कडेच्या बारीक सुरकुत्यांमधून बाहेर पसरते. मग दोन निष्कर्ष काढले जातात. एक तर ‘आता आपलं वय झालं, हे सगळं सोडून द्यावं’, किंवा ‘आता जाड थर द्यायला हवा’. दोन्ही चुकीचे आहेत. त्वचेची गरज बदललेली असते आणि आपण मात्र वीस वर्षांपूर्वीच्या त्वचेची पद्धत वापरत असतो, एवढंच खरं.

आपल्याकडच्या मेकअपचा सगळा भर पहिल्यापासून चेहऱ्यावरचं तेल आवरण्यावर राहिला आहे. आजीच्या पिढीत नटण्याला सरळ ‘स्नो-पावडर करणं’ म्हणत. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये आणलेला ‘अफगाण स्नो’ घरोघरी होता. ‘स्नो’ म्हणजे व्हॅनिशिंग क्रीम. त्यात मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि पाणी असतं. पाणी उडून गेलं की चेहऱ्यावर एक कोरडा, बिनचकाकीचा पापुद्रा उरतो आणि त्यावर पावडर छान बसते. दमट हवेतल्या तरुण, तेलकट चेहऱ्याला याहून सोयीचं काही नव्हतं. १९५२ मध्ये ‘लॅक्मे’ सुरू झाली, पुढे कॉम्पॅक्ट घराघरांत आला, अलीकडे मॅट फाउंडेशन आणि मॅट लिक्विड लिपस्टिक आली. नावं बदलली, हेतू तोच राहिला: चकाकी मारायची. विशीत ते बरोबरच होतं. पन्नाशीत मात्र तेल मारायचं नसतं, पाणी राखायचं असतं. एवढा एक फरक नीट समजला की बाकीचे बदल त्यातूनच सुचत जातात.

त्वचेत नेमकं काय बदलतं

भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य देशांत हेच वय ५१ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे हा बदल चार-पाच वर्षं आधी येतो आणि त्याची चाहूल चाळिशीतच लागते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की त्याचा परिणाम थेट त्वचेवर होतो. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजेन पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत जवळपास ३० टक्के घटतं आणि पुढे दरवर्षी सुमारे २ टक्क्यांनी कमी होत राहतं. तेलग्रंथी मंदावतात. पाणी धरून ठेवणारं हायलुरॉनिक आम्ल आणि पेशींमधली फट बुजवणारे सिरॅमाइड नावाचे स्निग्ध घटकही कमी होतात. तरुणपणी साधारण चार आठवड्यांत होणारं वरच्या पेशींचं नूतनीकरण लांबत जातं, त्यामुळे मृत पेशी पृष्ठभागावर जास्त काळ चिकटून राहतात आणि चेहरा निस्तेज दिसतो. गालांतली चरबी कमी होते आणि थोडी खाली सरकते. डोळ्यांच्या खोबणीचं हाडही हळूहळू झिजतं.

यात आपल्यासाठी एक जमेची बाजू आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्याने उन्हाचं नुकसान कमी होतं आणि गोऱ्या त्वचेच्या मानाने सुरकुत्या बऱ्याच उशिरा येतात. पण तेच मेलॅनिन चटकन चिडतं. वांग, काळे डाग, ओठांभोवतीचा आणि डोळ्यांभोवतीचा काळसरपणा ही आपली खरी चाळिशीनंतरची लक्षणं. म्हणून परदेशी मासिकांतला सुरकुत्यांभोवती फिरणारा सल्ला आपल्याला अर्धाच उपयोगी पडतो. आपला प्रश्न रेघांपेक्षा असमान रंगाचा आणि कोरडेपणाचा जास्त आहे.

पावडर का बिघडते, तेही इथेच कळतं. टाल्क, सिलिका, स्टार्च हे पावडरमधले घटक तेल शोषण्यासाठीच असतात. चेहऱ्यावर तेल असेल तर ते त्यात मुरून एकसंध दिसतात. तेलच नसेल तर कोरड्या पेशींच्या कडांना अडकतात, आणि हसताना-बोलताना त्वचा हलली की सारवलेल्या अंगणाला उन्हात भेगा पडाव्यात तसा सगळा थर रेघारेघांनी फुटतो. त्यावर आणखी पावडर लावली की भेगा जास्तच ठळक होतात.

रंग लावण्याआधी चेहरा वाचा

आपण स्वतःकडे जवळून बघतो ती दिवसातली एकच वेळ म्हणजे आरशासमोरची ही पाच मिनिटं. काही गोष्टी झाकण्याआधी त्यांचं कारण शोधायला हवं, हे मला सगळ्यात कळकळीने सांगावंसं वाटतं.

कपाळाच्या कडा, कानशिलं आणि मान जाडसर, मखमली पोताची आणि काळी पडत असेल तर तो मळ नव्हे आणि ऊनही नव्हे. डॉक्टर त्याला अकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात आणि बहुतेक वेळा तो इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याचा इशारा असतो. घासून किंवा कन्सीलर लावून तो जात नाही. आधी रक्तातली साखर तपासा. भुवईचा कानाकडचा तिसरा हिस्सा विरळ झाला असेल तर थ्रेडिंगला दोष देण्याआधी थायरॉइडची तपासणी करून घ्या. पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळट चपटे उंचवटे दिसले तर कोलेस्टेरॉल बघा.

केसांच्या रेषेलगत कपाळ काळवंडत असेल तर केसांच्या कलपाकडे बघा. बहुतेक काळ्या डायमध्ये, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांमध्येही, पीपीडी हे रसायन असतं. काहींना त्याने खाज येते, तर काहींना खाज न येता नुसताच राखाडी-काळा रंग चढतो. भुवयांच्या मधोमध टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडत असेल तर टिकलीचा गोंद हे कारण असू शकतं. त्यातल्या पॅरा-टर्शरी ब्यूटिल फिनॉलमुळे रंग तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होऊ शकतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना अनेक वर्षांपासून माहीत आहे. डाग दिसताच ती टिकली बंद करा. मेण लावून त्यावर पिंजर लावण्याची आजीची रीत यावर चांगला पर्याय आहे. मात्र पिंजर खात्रीची असू द्या, कारण स्वस्त कुंकवातले रंगही त्वचेला बाधतात.

आणि वांगासाठी मैत्रिणीने सुचवलेली ट्यूब दुकानातून आणून लावू नका. अशा अनेक मलमांत मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड असतं. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं आणि मलम थांबवलं की आग होते. आधीच पातळ होत चाललेल्या त्वचेवर हा दुहेरी घाला आहे. ‘गोरं करणारी’ बिननावाची क्रीमं तर त्याहून घातक, कारण त्यांत पारा असू शकतो. केरळात कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातल्या मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराच्या १५ रुग्णांची माहिती काढली, तेव्हा त्यांतले १३ जण अशी क्रीमं वापरत होते. पाऱ्याची संयुगं घालून अशी क्रीमं बनवायला भारतात मनाई आहे, पण बाजारात ती अजून येतात. उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती डबी घेऊच नका.

आधी पाणी, मग ऊन

फाउंडेशन चांगलं दिसण्यातला मोठा वाटा त्याच्या आधी जे लावतो त्याचा असतो. फेसाळ साबण सोडा. चेहरा धुतल्यावर ताणला जात असेल तर तो साबण तुमचा नाही. चेहरा टिपून घ्या, पण पुरता कोरडा करू नका. किंचित ओल असतानाच ग्लिसरिन, हायलुरॉनिक आम्ल किंवा सिरॅमाइड असलेलं मॉइश्चरायझर लावा. ग्लिसरिन पाणी ओढून धरतं आणि सिरॅमाइड ते उडू देत नाही. हवा बघून त्याचा पोत ठरवावा. मुंबई, कोकण, गोव्यात जेलसारखं हलकं क्रीम पुरतं; विदर्भात आणि मराठवाड्यात, आणि पुण्या-नाशकाच्या थंडीत, दाटसर क्रीम लागतं. एकाच घरात राहणाऱ्या दोघी बहिणींनाही एकच क्रीम मानवेल असं नाही, कारण पाळी जाण्याच्या काळात कुणाला कोरडेपणा येतो तर कुणाला हनुवटीवर पुन्हा मुरुमं येतात.

त्यानंतर सनस्क्रीन. तर्जनी आणि मधलं बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा ओढून जेवढं बसतं, तेवढं चेहरा आणि मान मिळून लावायला हवं. आपण साधारण त्याच्या पाव-अर्धं लावतो आणि डबीवरच्या आकड्याएवढं संरक्षण मिळालं असं समजतो. वांग असणाऱ्यांनी रंग मिसळलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन निवडावं. सावळ्या त्वचेत अतिनील किरणांइतकाच डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो, आणि साध्या सनस्क्रीनमधून तो आत जातो. टिंटेड सनस्क्रीनमधले लोहाचे ऑक्साइड तो अडवतात. हेच ऑक्साइड फाउंडेशनला पिवळा, लाल, काळा रंग देतात. म्हणजे चांगलं टिंटेड सनस्क्रीन हे औषधही आहे आणि रोजचं हलकं फाउंडेशनही. ऑफिसला जाताना अनेकींना त्यावर आणखी काही लावायची गरजच पडत नाही.

दोन थरांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. एकावर एक लगेच चोपडलं की बोटाखाली बारीक बारीक गोळ्या होतात. त्या वेळात केस विंचरा, साडीच्या निऱ्या काढा, डबा भरा.

सावली आणि डाग यांतला फरक

नाटकात तरुण नटाला म्हातारा करायचं असेल तेव्हा रंगभूषाकार त्याच्या त्वचेचा रंग फारसा बदलत नाही. तो सावल्या काढतो. डोळ्यांखाली, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत, कानशिलावर गडद रेघ आणि तिच्या शेजारी उजळ रेघ. प्रेक्षकांना वय दिसतं ते या खाचांमधून. पन्नाशीत निसर्ग हेच काम करतो. म्हणून आपल्याला सतावणारी गोष्ट रंग आहे की सावली, हे आधी ओळखायला हवं. खिडकीसमोर उभं राहा आणि चेहरा वर उजेडाकडे करा. डोळ्यांखालचा काळेपणा विरला तर ती खाच होती. त्यावर कितीही कन्सीलर थापलं तरी खड्डा भरत नाही, उलट तिथली पातळ कातडी आणखी सुरकुतते. तसाच राहिला तर तो रंग आहे आणि तो झाकता येतो.

झाकायची रीतही वेगळी आहे. आपल्या डोळ्यांखालचा काळेपणा निळसर-तपकिरी असतो. त्यावर थेट फिकट कन्सीलर लावलं की राखाडी छटा येते. निळ्याला मारणारा रंग नारिंगी. म्हणून तांदळाच्या दाण्याएवढं नारिंगी किंवा पीच करेक्टर फक्त काळ्या भागावर, अनामिकेने थापटून लावायचं आणि वर आपल्या रंगाचं कन्सीलर अगदी थोडं. घासायचं नाही. पापण्यांच्या मुळापर्यंत न्यायचंही नाही, कारण सगळ्यात जास्त घड्या तिथेच असतात.

फाउंडेशनची शेड मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर बघू नका. चेहऱ्याचा रंग हाताहून वेगळा असतो. जबड्याच्या कडेला दोन-तीन शेडच्या रेघा ओढा, दुकानाबाहेर उजेडात या, दहा मिनिटं थांबा. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. एक शेड उजळ घेण्याचा मोह टाळा. फिकट शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य जास्त असतं आणि गव्हाळ त्वचेवर ते राखाडी दिसतं, चेहरा आजारी वाटतो. लावायचंही सगळीकडे नाही. नाकाच्या बाजू, हनुवटी, वांगाचा भाग, एवढ्याच ठिकाणी लावून ओलसर स्पंजाने कडा मिसळायच्या. उरलेली त्वचा त्वचेसारखी दिसू द्या. पावडर हवीच असेल तर छोट्या ब्रशने नाकाच्या बाजूंना आणि कपाळाच्या मध्यावर, डोळ्यांखाली नाही.

ब्लश पावडरचं न घेता क्रीमचं घ्या. हसल्यावर वर येणाऱ्या गालाच्या गोळ्यावर लावलं तर चेहरा पूर्ववत झाल्यावर रंग खाली उतरलेला दिसतो. चेहरा स्थिर ठेवून गालाच्या हाडावर, कानशिलाच्या दिशेने लावा.

खरी जादू भुवया आणि ओठांत

अमेरिकेतल्या गेटिसबर्ग कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेहऱ्यातल्या रंगभेदाचा अभ्यास केला. भुवया, डोळे, ओठ आणि भोवतालची त्वचा यांतला फरक वयाबरोबर पुसट होतो, असं त्यांना २०१३ मध्ये फ्रेंच स्त्रियांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. तोच फरक चित्रात थोडा वाढवला की बघणाऱ्यांना चेहरा तरुण वाटतो. २०१७ मध्ये चिनी, लॅटिन अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकी कृष्णवर्णीय चेहऱ्यांचाही अभ्यास झाला आणि परिणाम जुळला. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं. त्वचा झाकण्यात आपण जो वेळ आणि पैसा घालवतो, त्यातला निम्मा जरी भुवया आणि ओठांकडे वळवला तरी चेहरा उठून दिसतो.

भुवयांसाठी काळ्याऐवजी गडद तपकिरी पेन्सिल घ्या. सलग रेघ न ओढता केसांच्या दिशेने छोटे छोटे फटकारे द्या आणि विरळ झालेलं टोक भरा. थ्रेडिंग करणाऱ्या ताईंना खालून बारीक करू नका असं आधीच सांगा, कारण या वयात गेलेला केस परत येईलच असं नाही.

काजळ आपल्या जिव्हाळ्याचं आहे, म्हणून ते सोडा असं म्हणवत नाही, जागा बदला. पापणीच्या आतल्या कडेवर अश्रूंना स्निग्धता देणाऱ्या ग्रंथींची तोंडं असतात. तिथे लावलेलं काजळ अश्रूंत उतरतं आणि या वयात आधीच कोरडे होणारे डोळे चुरचुरतात. त्याऐवजी वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी, बाहेरून, तपकिरी किंवा काळ्या पेन्सिलने रेघ द्या. डोळा मिटून काढलेली जाड रेघ उघडल्यावर सैल कातडीखाली दडते, म्हणून समोर बघत डोळा उघडा ठेवूनच जाडी ठरवा. शिशाचा सुरमा मात्र अजिबात नको. आयशॅडोमध्ये मोठी चमकी टाळा, रेशमी पोत निवडा. जवळचा चष्मा लागला असेल तर अंदाजाने हात चालवू नका. भिंगाचा आरसा घ्या आणि खिडकीसमोर बसा.

ओठांना आधी बाम लावून पाच मिनिटांनी टिपून घ्या. लिपस्टिकच्याच रंगाच्या पेन्सिलने कड आखली की तिच्यातलं मेण रंगाला बाहेर पसरू देत नाही. मॅट लिक्विड लिपस्टिकपेक्षा क्रीमची कांडी चांगली. त्वचेच्याच रंगाची फिकट शेड चेहरा उतरवते. डाळिंबी, विटकरी, राणी हे रंग आपल्या वर्णावर खुलतात.

लग्नकार्यात

मुलाच्या किंवा मुलीच्या लग्नात नवरीबरोबर आईचाही मेकअप होतो आणि नवरीचं सामान तसंच आईच्या चेहऱ्यावर येतं. खुर्चीत बसण्याआधीच बोलून घ्या. “काकू, एक शेड उजळ लावू का? फोटोत छान येतं,” असं विचारलं जाणारच. “नको गं, माझाच रंग लाव. भुवया आणि ओठ नीट कर,” एवढं ठामपणे सांगावं. अतिशय बारीक सिलिकाची पांढरी पावडर डोळ्यांखाली भरली तर कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये तिथे पांढरे ठिपके उमटतात. लग्नाच्या आधी एकदा लावून, फ्लॅश टाकून फोटो काढून बघा. अचानक अंगातून वाफा येऊन घाम फुटला तर वर पावडर चढवू नका. टिश्यू दाबून घाम टिपा, मिनिटभर पंख्याखाली बसा. पातळ थर असला तर तो टिकतो.

या सगळ्यासाठी खण भरून सामान घेण्याची गरज नाही. उलट आधी कमी करा. डबीवर झाकण उघडलेल्या बरणीचं चित्र असतं आणि त्यात महिन्यांचा आकडा असतो; उघडल्यापासून तेवढेच महिने ती वस्तू चांगली. मस्कारा आणि लिक्विड आयलायनर सहा महिन्यांपलीकडे डोळ्यांजवळ नेऊ नका. पैसे खर्च करायचे ते या क्रमाने: मॉइश्चरायझर, टिंटेड सनस्क्रीन, भुवयांची पेन्सिल, एक चांगली लिपस्टिक. फाउंडेशन पाचव्या क्रमांकावर. आणि यातलं एकच काही आजपासून बदलायचं असेल, तर उद्या सकाळी कॉम्पॅक्टची डबी न उघडता, ओलसर चेहऱ्यावर क्रीम लावून पाच मिनिटं थांबा आणि मग खिडकीजवळच्या उजेडात आरसा बघा. किती लावायचं, हे त्यानंतर ठरवा.